यादीत नसलेलं नाव

दुबई, १७ नोव्हेंबर २०२४

भावोजी, नमस्कार.

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. तुम्ही मला शेवटची हाक 'साहेब' म्हणून मारलीत, त्यानंतर ते शब्द लिहायला हात धजत नाही. फोन तुम्ही ब्लॉक केलाय. ताई उचलते, पण तुमचं नाव काढलं की गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणते. दर वेळी गॅस चालू असतो. तेव्हा आता कागद. शेजारचा मुरलीधर भाचीच्या लग्नाला चिपळूणला चाललाय, त्याच्याकडे खजूर, ताईला बदाम आणि हे पाकीट दिलंय. राग माझ्यावर काढा, खजूर परत पाठवू नका. तो बिचारा विमानतळावरच्या वजनकाट्यावर बॅग चढवून चढवून घामाघूम होतो.

वाडीत काय बोललं जातंय ते माझ्या कानावर आलंय. सप्टेंबरात कंपनीने चाळीस माणसं एका दुपारी विमानात बसवून घरी पाठवली, त्यांतली अकरा आपल्या गावची. तुम्ही त्यांचे फोरमन, आणि तुम्ही मागे राहिलात, तीन आठवड्यांनी एकटे परतलात. वर तुमचा मेहुणा कंपनीच्या एचआरमध्ये. मग नावं कोणी दिली हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा, असं लोक म्हणतात. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

मी एवढंच सांगतो. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तुम्ही माझ्याकडे दिलात, मी तो वर दिला. माझं काम पोस्टमनचं. यादी वरून आली. तुमचं नाव तिच्यात का नव्हतं ते मलाही ठाऊक नाही. चौदा वर्षांचा अनुभवी माणूस साहेबांना हवा असेल, दुसरं काय.

इकडे सगळं ठीक. रविवारी दुपारी तुमचं ताट आता मांडत नाही, पण विभावरी कुकरला तांदूळ अजून चौघांचा लावते आणि मग संध्याकाळी आम्ही फोडणीचा भात खातो. ईशानीने दोनदा विचारलं, "आतोबा का येत नाहीत? डिड समथिंग हॅपन?" मी म्हटलं, त्यांचं काँट्रॅक्ट संपलं.

तुमचा,
विजू


८ डिसेंबर २०२४

भावोजी,

खजूर परत आले नाहीत. पत्राचं उत्तरही आलं नाही. मुरलीधर म्हणाला की तुम्ही अंगणात बसून कोयतीला धार लावत होतात, पाकीट हातात घेतलंत आणि न उघडता ताईकडे दिलंत. ठीक आहे. ताई वाचेल.

मागच्या पत्रात मी पोस्टमन झालो होतो. ते पूर्ण खरं नाही.

तो ऑगस्टमधला रविवार तुम्ही विसरला नसाल. जेवण झालं, विभावरीने सुपारी पुढे केली, आणि तुम्ही साइटचं सांगत होतात. दुपारची सुट्टी साडेबारा ते तीन देतात खरी, पण ती काढायची कुठे? पत्र्याच्या कंटेनरमध्ये. पाण्याचा कूलर बंद. बसचा एसी बंद, आणि कॅम्पपर्यंत सव्वा तास. तो तेलंगणाचा सळईवाला बसमध्येच आडवा झाला आणि तुम्ही त्याला मांडीवर घेऊन आलात. तुम्ही म्हणालात, "विजू, मी एकटाच जाऊन साहेबांशी बोलतो. माझं ऐकतील."

तेव्हा मी काय म्हटलं? "एकट्याचं कोण ऐकतो, भावोजी? ग्रामपंचायतीत देतो तसा रीतसर अर्ज द्या. सगळ्यांच्या सह्या घ्या. नावापुढे कंपनीचा आयडी नंबर लिहायला सांगा, म्हणजे वजन पडेल."

आपल्याकडची हीच रीत. वाडीच्या रस्त्यासाठी आपण असाच दिला होता, एसटी थांबण्यासाठी असाच. जितक्या सह्या तितकं वजन. तुम्ही ताबडतोब ईशानीची वही मागितलीत आणि स्वतःच्या हाताने हिंदीत लिहिलंत. पाणी, सावली, बस. तीनच मागण्या, आणि 'आपसे नम्र निवेदन है' दोनदा. पहिली सही तुमची. आठवडाभर कॅम्पमध्ये खोलीखोलीतून फिरून तुम्ही एक्केचाळीस सह्या गोळा केल्यात, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घेतलेत. पुढच्या रविवारी अर्ज घडी करून माझ्या हातात ठेवलात. "तुझ्यामार्फत गेला की बरं," म्हणालात.

गावात सही म्हणजे माणूस पाठीशी उभा राहिला. इथे सही म्हणजे तुमच्या फाइलचा नंबर तुम्हीच काढून दिलात. हे मला ठाऊक हवं होतं, मी इथे बारा वर्षं हेच करतो.

उत्तर आलं नाही तेव्हा तुम्ही सगळे सकाळी बसमध्ये न चढता दीड तास थांबलात. त्या दीड तासाला ऑफिसमध्ये संप असं नाव पडलं.

आता हे तुम्हाला का सांगतोय? कामगार खात्याकडून पत्र आलंय की एका दिवसात चाळीस व्हिसे कसे रद्द झाले, खुलासा करा. ते सगळे माझ्या लॉगिनमधून रद्द झालेत. साहेबांनी एक निवेदन टाइप करून घेतलंय: या चाळीस जणांनी स्वखुशीने राजीनामे दिले, असे मी लिहून देतो. खाली माझं नाव, सहीची जागा कोरी. आमचा तय्यब, जो सरकारी कचेऱ्यांची कामं बघतो, मला म्हणाला, "विजय भाई, साइन करो, खलास. कौन पूछनेवाला है? वो लोग तो घर पहुँच गए, मजे में हैं." मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "यल्ला, चलो, देखते-देखते रमझान आ जाएगा."

सही केली तर खोटं. नाही केली तर नोकरी, नोकरीबरोबर तिघांचे व्हिसे, आणि ईशानीची बारावी मध्येच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अर्ज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. साहेबांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं की फाडून टाक. फाडला नाही.

विजू


१९ जानेवारी २०२५

भावोजी,

हे पत्र कोणाबरोबर पाठवणार ठाऊक नाही, तरी लिहितो. आज दुपारी घरात एक गोष्ट झाली आणि तुमच्याखेरीज कोणाला सांगता येईना.

ईशानीच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवतात. आपण संगमेश्वरचे, राहतो दुबईत, आणि पोरगी ॲरिझोनाच्या तांब्याच्या खाणींवर प्रोजेक्ट करते. तिथे बिस्बी नावाचं गाव आहे. एकोणीसशे सतरा साल. खाणीतल्या लोकांनी संप केला होता. खाणी धोक्याच्या आणि वागणूक वाईट. मेक्सिकोचे, सर्बियाचे, फिनलंडचे, कुठकुठले लोक. जुलैतल्या एका सकाळी उजाडता उजाडता दोन हजार हत्यारबंद माणसं गावात शिरली. कोण? त्याच गावातले दुकानदार, कारकून, कंपनीचे लोक. आपला माणूस ओळखू यावा म्हणून दंडाला पांढरं फडकं. घराघरातून माणसं काढली, रांगेत चालवत बेसबॉलच्या मैदानात नेली. तिथे विचारलं, कामावर येतोस का? हो म्हणाला त्याला सोडलं. नाही म्हणाला तो आगगाडीत. गुरांचे डबे, तळाला शेण. जवळजवळ बाराशे माणसं, ऐन जुलैत, दुसऱ्या राज्यातल्या वाळवंटात नेऊन सोडली. तारा आणि टेलिफोन आधीच ताब्यात घेतलेले, म्हणजे बातमी बाहेर जायला नको. पुढे शिक्षा कोणालाच झाली नाही.

पोरीला त्यांतल्या काही माणसांचा तक्ता एक्सेलमध्ये करायचा होता. नाव, वय, देश, मागे बायकोमुलं किती. एक्सेल म्हटलं की बाबा. ती वाचत होती, मी टाइप करत होतो. दोनदा म्हणाली, "बाबा, स्लो डाउन." माझ्या हातांना सवय आहे.

मग ती मध्येच थांबली. म्हणाली, "दे वेन्ट डोअर टु डोअर, राइट? सो समबडी मस्ट हॅव मेड अ लिस्ट. हू?"

मी म्हटलं, "असेल ऑफिसातला कोणीतरी."

"अँड देन ही जस्ट वेन्ट होम फॉर डिनर?"

मी म्हटलं, "तू आधी जेवून घे." विभावरी आमटी वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पळी परत पातेल्यात ठेवली. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं. पण वीस वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

तर ऐका. यादी वरून आली नव्हती. यादी मी केली.

तीन सप्टेंबर, मंगळवार. साहेब म्हणाले, चार वाजेपर्यंत लिस्ट पाहिजे. मी एक्सेल उघडलं, शेजारी तुमचा अर्ज ठेवला आणि वरून सुरुवात केली. पहिली ओळ, तुकाराम, आयडी नंबर, फोरमन. मग दुसरी, तिसरी. नंबर तर अर्जात होतेच, माझ्या सांगण्यावरून लिहिलेले, एकसुद्धा शोधावा लागला नाही. पंधरा मिनिटांत एक्केचाळीस. मग मी वर गेलो, पहिली ओळ निवडली आणि काढून टाकली. एक्सेलमध्ये ओळ काढली की खालची आपोआप वर सरकते. रिकामी जागा दिसत नाही. चाळीस झाले. मेल केला आणि घरी गेलो. त्या दिवशी विभावरीने कोलंबीची आमटी केली होती, मी दोनदा भात घेतला.

मला वाटलं मी तुम्हाला वाचवलं. खरंच तसं वाटलं, भावोजी. बहिणीचा संसार वाचवला म्हणून मला जरा बरंही वाटलं.

विमानतळावर नेणारी बस आली तेव्हा कॅम्पवर काय झालं ते तय्यबने सांगितलं. नावं वाचून झाली. तुम्ही बॅग भरून रांगेत पहिले उभे होतात. कॅम्पबॉस म्हणाला, "तुम्हारा नाम नहीं है. साइड में." तुम्ही म्हणालात, "फिरसे पढो. मैंने पहले साइन किया है." त्याने पुन्हा वाचलं. बसच्या खिडक्यांतून चाळीस माणसं तुमच्याकडे बघत होती. त्यांनी जे पाहिलं तेच जाऊन गावात सांगितलं, त्यांची चूक नाही.

त्यानंतर तीन आठवडे आठ खाटांच्या खोलीत तुम्ही एकटे. मग माझ्या काउंटरपाशी येऊन राजीनामा ठेवलात आणि म्हणालात, "साहेब, इसको क्लिअर कर दो." माझ्याशी हिंदीत.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आजोबा म्हणायचे. मला वाटायचं, म्हणी परीक्षेत लिहायच्या असतात.

विजू


२३ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

काल ताईने स्वतःहून फोन केला. या वेळी गॅस नव्हता. रडत होती. म्हणाली, शिमग्याची बैठक झाली आणि मानकऱ्यांनी ठरवलं की यंदा देवाची पालखी आपल्या अंगणात थांबणार नाही. ज्याने गावचे अकरा संसार घरी बसवले त्याच्या दारात ग्रामदेवतेने नारळ का घ्यावा, असं कोणी तरी उठून बोललं आणि दुसरा कोणी काही बोलला नाही. तुम्ही बैठकीत होतात. मान खाली घालून ऐकलंत आणि घरी येऊन फक्त म्हणालात, "या वर्षी अंगण सारवू नको."

इथल्या लोकांना पालखी म्हणजे काय सांगणार? तय्यबला सांगायला गेलो तर म्हणाला, "तो टेंपल में जाके दर्शन कर लो ना, हबीबी." वर्षातून एकदा देव आपण होऊन घरी येतो. ताई लग्न होऊन खालच्या वाडीत गेली तेव्हापासून सव्वीस वर्षं एकदाही तो उंबरा चुकला नाही. गावात राहून देवाने दार टाळलं तर माणसाने कुठे जायचं?

एक शेवटचं राहिलंय. ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही, आणि हे लिहायला मी पाच वेळा बसलो.

अर्जाचं मी सुचवलं तो रविवार. त्याच्या आदल्या शुक्रवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. "साइट पर कुछ लोग बहुत बोल रहे हैं. यू हॅव युअर पीपल देअर, नो? फाइंड आउट हू. वरना मैं दूसरा एचआर ढूँढता हूँ." म्हणजे तुम्ही सुपारी कातरत बसला होतात तेव्हा मला ठाऊक होतं. नंबर घ्या, असं मी म्हटलं ते गावच्या सवयीने म्हटलं, असं मी गेले सहा महिने स्वतःला सांगतोय. सवयीने नाही म्हटलं. मला नंबर हवे होते.

चाळीस जाणार हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं दोघाचौघांना बोलावून दम देतील. हे खरं आहे, पण त्याने फरक काय पडतो?

आता पुढचं. निवेदनावर सही करायची मुदत मार्चअखेर. साहेब रोज विचारतात, हसत हसत. काल म्हणाले, "तुम्हारी बेटी का लास्ट इयर है ना? गुड, गुड." माझा पासपोर्ट 'रिन्यूअलसाठी' म्हणून ऑफिसच्या कपाटात गेलाय, तो परत मिळत नाही. आमच्या सत्ताविसाव्या मजल्यावरच्या घराच्या खिडक्या उघडत नाहीत, तशाच बांधल्यात. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हल्ली मी रविवारी उठून एकेक खिडकी ढकलून बघतो आणि ईशानी विचारते, "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

गेल्या रविवारी विभावरीला सगळं सांगितलं. तिने कपड्यांचा ढीग बाजूला सरकवला. मग म्हणाली, "सही करून इथे राहिलो तर रविवारी त्या टेबलावर आपण तिघं काय बोलणार आहोत?" मग उठून कपडे घडी घालायला लागली. माझ्याशी नीट बोलत नाही, पण ती काम करते त्या क्लिनिकमध्ये विचारलंय तिने, पोरीचा व्हिसा तिच्या नावावर घेता येईल का ते.

सोबत मूळ अर्ज आणि जानेवारीतलं राहिलेलं पत्र पाठवतोय. एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. पहिली सही तुमची आहे, निळ्या शाईत, आयडी नंबरसकट. हा मानकऱ्यांपुढे ठेवा. माझी ही पत्रंही ठेवा. नाव कोणी काढलं ते त्यात लिहिलंय. आमच्या रिसेप्शनवरची शहनाझ खेडची, रमझानला घरी चालली आहे, तिच्याकडे देतो. ती पाकीट हातात घेऊन म्हणाली, "इतकंच? बाकीचे तर ब्लँकेटं देतात." मी म्हटलं, हेच जड आहे, सांभाळून ने.

पालखी खालच्या वाडीत यायच्या आत हे तुम्हाला मिळायला हवं.

विजू


२२ मार्च २०२५

भावोजी,

मी निवेदनावर सही केली नाही. काल कामगार खात्यातल्या अधिकाऱ्यासमोर जाऊन झेरॉक्स ठेवली आणि घडलं ते सांगितलं, माझ्या भागासकट. शांत माणूस होता. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला की चौकशी पूर्ण होईपर्यंत मला देश सोडता येणार नाही. पासपोर्ट आता ऑफिसच्या कपाटातून निघून त्यांच्याकडे जमा झालाय. ऑफिसने त्याच दिवशी लॉगिन बंद केलं. तय्यब लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि त्याने माझी बॅग धरली.

हे सगळं करताना माझ्या मनात एकच होतं, की तिकडे पालखी तुमच्या अंगणात टेकली असेल, ताईने ओटी भरली असेल, तुम्ही खांद्याला पालखी घेऊन नाचवली असेल. त्या आनंदात मी चालत घरी आलो.

आणि संध्याकाळी ताईचा फोन. पालखी बुधवारी येऊन गेली. अंगणाबाहेरच्या पायवाटेने, न थांबता. घराशी आल्यावर ढोल वाजवायचे बंद केले आणि पुढे जाऊन पुन्हा सुरू केले.

मी ओरडलोच तिच्यावर. म्हटलं, कागद मिळाला नाही का? ती म्हणाली, मिळाला, तीन आठवडे झाले. यांनी सगळी पत्रं वाचली, एका दमात, कणगीला टेकून. मग अर्ज आणि पत्रं ट्रंकेत ठेवली आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली.

मी विचारलं, का?

ताईने तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "हा कागद दाखवला तर पालखी आपल्याकडे येईल. मग वरच्या वाडीत तुझ्या आईच्या दारात थांबेल का? त्या एकट्या आहेत. आपण दोघं आहोत, आपण एक वर्ष काढू."

भावोजी, मला राग आला तुमचा. खरंच आला. मी इथे सगळं मोडून बसलोय ते तुमचं नाव धुऊन निघावं म्हणून, आणि तुम्ही ते कुलूपबंद करून ठेवलंत, माझ्याच आईसाठी. मला सुटायचं होतं, तुम्ही सुटू दिलं नाहीत. तासाभराने राग ओसरला आणि मग मला बाथरूमचा नळ सोडून रडावं लागलं, पोरगी अभ्यास करत होती.

पालखी वरच्या वाडीत मंगळवारी आहे. आईला मी आज रात्री नाही, उद्या सकाळी फोन करणार. सकाळी तिला नीट ऐकू येतं.

विजू


३० मार्च २०२५, पाडवा

भावोजी,

आज इथे ईदही आहे आणि पाडवाही. विभावरीने खिडकीच्या काचेला आतून गुढी टेकवली. खाली सगळीकडे लोक नवे कपडे घालून फिरतायत. तुमचा फोन येऊन गेल्याला दोन तास झाले. तेव्हा बोलायचं राहून गेलं, म्हणून लिहितो.

आधी आईला मी काय सांगितलं ते तुम्हाला माहीत असावं. सगळं सांगितलं. ती मध्ये फक्त एकदा बोलली. "नाव कापलंस? कशाने?" मी म्हटलं, कॉम्प्युटरवर. म्हणाली, "म्हणजे तुझा हात नाही लागला." मी म्हटलं, "लागला, आई." मग तिने फोन ठेवला. मला वाटलं, तिला धक्का बसला. मी ताईला फोन करून तिच्याकडे जाऊन बघ म्हटलं. ताई गेली तर आई अंगणातली सगळी रांगोळी पायाने पुसत होती.

मंगळवारचं मला ताईने सांगितलं. ढोल वाजवत पालखी आईच्या दारात आली आणि आई पंचाहत्तराव्या वर्षी अंगणाच्या बेड्यात, आत यायच्या वाटेवर, आडवी उभी राहिली. मानकरी म्हणाले, आजी बाजूला व्हा, देव आलाय. ती म्हणाली, "देवाला मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मुलाने चाळीस माणसांची नावं दिली आणि जावयाचं कापलं. जावई पहिली सही करून रांगेत उभा होता. तुम्ही खालच्या वाडीत चुकीच्या दारावरून पुढे आलात. आता बरोबर दारावरून पुढे जा."

कोणीतरी म्हणालं की पुरावा काय? तेव्हा तुम्ही गर्दीतून पुढे आलात. ताई म्हणते, तुम्ही आईचा हात धरून तिला आत न्यायला बघत होतात, 'कागद नाही, काही नाही, म्हातारं माणूस आहे' असं म्हणत. आणि आई तुमच्याकडे बघून म्हणाली, "तुकाराम, तुला माझ्या कुंकवाची शपथ घालता येत नाही, ते गेलं. पण खोटं बोलायचं काम माझ्या घरात एकाने केलं तेवढं पुरे." मग तुम्ही करगोट्याची किल्ली सोडून ताईकडे दिलीत, आणि तिने ट्रंकेतला अर्ज आणला.

अर्ज त्या अकरा जणांपैकीच एकाने वाचला, मोठ्याने. पहिलं नाव वाचून तो थांबला, असं ताई सांगते.

पालखी मागे फिरवायची रीत नाही. ती खालच्या वाडीत परत गेली नाही आणि आईच्या अंगणातही टेकली नाही. दोन्ही दारं यंदा कोरी राहिली. पण रात्री ते अकराही जण तुमच्या पडवीत येऊन बसले होते, हे ताई बोलली. काय बोलले ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं त्यांच्याशी बोलणं व्हायचंय. प्रत्येकाच्या दारात जाऊन. आणि उरलेले एकोणतीस बिहार, तेलंगणा, कुठे कुठे.

आणि आज तुमचा फोन. सहा महिन्यांनी. मला वाटलं, आता शिव्या. तुम्ही म्हणालात, "विजू, आईंना आमच्याकडे आणलंय. तिथे दार लावून बसल्या होत्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. तू बोल जरा. मी फोन धरतो."

विजू म्हणालात.

तुम्ही फोन तिच्या कानाशी धरून उभे होतात, मला तुमचा श्वास ऐकू येत होता. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. नंतर तुम्हाला म्हणाली, "सांग त्याला, आज इथे जेवले." लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी बाई, जावयाच्या ताटात जेवली, आणि मला हे तुमच्या तोंडून कळवलं. मी हो म्हणालो बहुतेक. तुम्ही फोन ठेवलात.

माफ करा, भावोजी. याहून मोठा शब्द मला येत नाही.

चौकशी किती महिने चालेल कोणी सांगत नाही. अधिकारी म्हणतो इन्शाल्ला लवकर. विभावरी कामाला जाते, ईशानीची परीक्षा मे महिन्यात. तिला मी सगळं सांगितलंय. ती माझ्या शेजारी बसून राहिली, उठली नाही. मला इथून हलता येत नाही. आईचं घर बंद आहे, तिकडे माझ्याखेरीज राहायला जाणारं कोणी नाही, आणि मी येईपर्यंत ती ते उघडणार नाही, हे मला माहीत आहे.

तोवर तिला तुमच्याकडे राहू द्या.

विजू